घरातलं बोलणारं माणूस

माझी बायको उषा गेल्याची बातमी आमच्या घरात दुपारी आली. मला ती संध्याकाळी कळली. मधला सगळा वेळ मी वांगी भाजत होतो.

जळगावहून एरंडोलकडे जाताना हायवेला लागून आमचं भरिताचं ठिकाण आहे. फार मोठं नाही. पत्र्याचं शेड, पुढे मोकळं अंगण, निंबाखाली टेबलं आणि चार बाजा. थंडी पडली की जळगावचे लोक गाड्या करून येतात, भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या खातात, बाजेवर आडवे होतात आणि ऊन उतरलं की जातात. त्या दिवशी एका बँकेतल्या लोकांनी आधीच सांगून ठेवलं होतं. उषा सकाळच्या एसटीने धुळ्याला गेली होती. तिची बहीण यशोदाबाई, तिच्या नातवाचं बारसं होतं. जाताना धंद्याचा फोन ती दिपमालाच्या हातात देऊन गेली.

दिपमाला आमची सून. फोन तिनेच घेतला. उषा जेवायला बसली असताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं, एवढंच पलीकडून सांगितलं. आमचा मुलगा स्वप्नील ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात होता, आणि तिथे आत फोन नेऊ देत नाहीत. म्हणजे आमच्या घरात ही गोष्ट माहीत असलेलं माणूस एकच होतं, आणि ते माणूस माझ्याशी बोलत नव्हतं.

भांडण म्हणून नाही. आमच्यात सून सासऱ्याशी तोंडाला तोंड देऊन बोलत नाही. आता पुष्कळ घरांत हे राहिलेलं नाही. आमच्याकडेही सक्ती नव्हती. उषा तर तिला म्हणायची, अगं बोल त्यांच्याशी, ते काही वाघ नाहीत. पण दिपमाला मुळातच कमी बोलणारी, आणि मी तिच्याहून कमी. रीत आयती हाताशी होती, ती आम्हा दोघांनाही सोयीची पडली. चहा हवा असला तर मी उषाला सांगायचो. पीठ संपलं तर दिपमाला उषाला सांगायची. आम्ही तिघं एकाच शेडमध्ये, हातभर अंतरावर, पण सगळं बोलणं उषामधून जायचं.

दिपमालाने काय केलं ते मला नंतर कळलं. ती आधी शेजारच्या बेबाबाईकडे गेली. बेबाबाईने येऊन मला सांगावं, असा तिचा विचार. पण बेबाबाई कापूस वेचायला गेली होती, दाराला कडी होती. दिपमाला परत आली. बँकेतली माणसं टेबलांवर येऊन बसलेली. मी भाजलेल्या वांग्यांची पहिली खेप उतरवून सोलायला घेतली होती. ती थोडा वेळ माझ्यामागे उभी राहिली. ते मला आठवतं, कारण मला वाटलं की तिला काड्या हव्या असतील. मी कपाशीच्या काड्यांचा एक भारा तिच्याकडे सरकवला. मग ती जाऊन बडगीपाशी बसली.

बडगी म्हणजे आमची लाकडाची कोरीव परात. सोललेली वांगी, मिरची, लसूण तिच्यात टाकून लाकडी ठोकळ्याने ठेचायचं. ती उषाची जागा. दिपमालाला ते काम कधी जमलं नव्हतं. तिचा हात संथ. वांगं गार व्हायचं आणि भरिताला गाठी राहायच्या. त्या दिवशी मात्र तिचा हात असा चालला की मी मान वळवून बघितलं. खेपेमागून खेप तिने गरम असतानाच ठेचून दिली. पुऱ्या वाढल्या, कांद्याची पात वाढली. साहेबांनी आणखी मागितलं, तर आणखी दिलं. मी मनात म्हणालो, शिकली पोरगी. उषा आली की तिला सांगू.

संध्याकाळी स्वप्नील आला. दिपमालाने त्याला घरात नेऊन सांगितलं आणि तो रडतच बाहेर आला. मी तेव्हा राख ओढत होतो.

उषाचं एक म्हणणं होतं. माणसं दोनच जातीची, ती म्हणायची. भाजणारी आणि ठेचणारी. भाजणाऱ्याने घाई केली तर वांगं वरून करपतं, आत कच्चं राहतं. त्याने बसून राहायचं. काडी विझत आली की दुसरी सारायची. देठाजवळ मऊ पडेपर्यंत उगाच उलटसुलट करायचं नाही. ठेचणाऱ्याने मात्र थांबायचं नाही. वाफ आहे तोवर सगळं उरकायचं. एकाचं काम दुसऱ्याला दिलं की भरीत बिघडतं. गिऱ्हाईक उतरलं की ती हळूच सांगायची, हा भाजणारा आहे, याला निवांत वाढा. तो ठेचणारा आहे, त्याचं ताट आधी, नाहीतर कावकाव करेल. ती स्वतः पक्की ठेचणारी. एका ठेकेदाराने भरीत तेलकट आहे म्हटलं, तर त्याचं ताट उचलून त्याला म्हणाली, "भाऊ, तेल सोसत नसेल तर घरी वरण-भात खात जा." तो हसला आणि पुढच्या आठवड्यात सगळं घर घेऊन आला. लोकांना तिचं बोलणं लागायचं नाही. तेच मी बोललो असतो तर तो कायमचा गेला असता.

स्वप्नीलही तिच्याच वळणाचा. म्हणून त्याच्यासाठी मुली बघताना तिने बोलक्या मुली बाजूला काढल्या. धुळ्यात देवपूरच्या घरात दिपमाला चहा ठेवून गेली, मान वर केली नाही, आणि उषा मला बाहेर येऊन म्हणाली, "हीच करायची. घरात ठेचणारे दोन झालेत, तिसरा आला तर छप्पर राहणार नाही." तिचा हिशेब बरोबर होता. फक्त ती स्वतः त्यात धरलेली होती.

दहाव्याला यशोदाबाई आली. बहीण आपल्या घरी आलेली असताना वारली, याचा तिला त्रास होता. तो कुठेतरी उतरायचा होता, दिपमालावर उतरला. सगळ्या बाया बसलेल्या असताना ती म्हणाली, सासूचा देह तिकडे पडलेला आणि इकडे सून लोकांना पुऱ्या वाढत होती. मी ओसरीवर पुरुषांत होतो, मला ते स्वच्छ ऐकू आलं. दिपमाला पदर ओढून भिंतीशी बसून होती. तिने उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही. मला वाटलं, दुःखात माणूस बोलतं, बोलून मोकळं होतं. आपण त्यात काडी घालू नये.

महिन्याभराने आम्ही पुन्हा शेड उघडलं. हंगाम अर्धा बाकी होता. आता माझ्यासमोर दिपमाला आणि तिच्यासमोर मी. मधे कोणी नाही. मीठ संपलं की ती रिकामा डबा माझ्या दिशेने सरकवायची. मला पाणी हवं असलं की मी तांब्या वाजवायचो. हे असं चाललं. तिचा हात पुन्हा पहिल्यासारखा संथ झाला होता. माझाही संथ. गिऱ्हाईक ताटकळायचं. उषा असती तर तिने त्यांना बोलण्यात गुंतवलं असतं, कोणाच्या पोरीच्या लग्नाची चौकशी केली असती, कोणाला पोट सुटल्यावरून टोचलं असतं. आम्ही दोघं खाली मान घालून काम करायचो. लोकांना वाटायचं या घरात भांडण आहे. बँकेतले लोक पुन्हा आले नाहीत. दुसरेही कमी झाले.

मी दिपमालावर रागावलो नव्हतो. हे मी साध्या शब्दांत सांगतो. मला त्या दिवसाचा विचार करून कधी राग आला नाही. उलट मला तिचं सगळं समजत होतं. बेबाबाईच्या दारातून परत फिरणं, मागे येऊन उभं राहणं, आणि तोंडातून शब्द निघत नाही म्हणून समोर असलेलं काम ओढून घेणं. मला तर वाटतं, तिच्या जागी मी असतो तर मीही वांगी भाजत बसलो असतो. कदाचित दुसऱ्या दिवशीपर्यंत.

पण हे तिला माहीत नव्हतं.

उन्हाळा लागला. वांग्यांत बिया धरल्या, आम्ही शेड बंद केलं. एक दिवस कारखान्यातून आल्यावर स्वप्नील माझ्याजवळ बसला. त्याला इकडचं तिकडचं बोलून मुद्द्यावर येणं जमत नाही. त्याने सरळ सांगितलं की धुळ्याच्या एमआयडीसीत त्याला काम मिळतंय. दिपमालाच्या भावाचं, हितेंद्रचं, देवपुरात मसाल्याचं दुकान आहे. मागच्या खोलीत मसाला भरायला माणूस हवं आहे, ती तिथे बसेल. अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ती माहेरी जाईल, आणि तिकडेच राहील.

"आबा, तिला इथे राहवत नाही. तिला वाटतं, तुम्ही तिच्यावर राग धरून आहात."

"मी कुठे काय बोललो?"

"तेच तर. तुम्ही काहीच बोलला नाहीत. मावशी एवढं बोलली, तेव्हाही नाही."

मी त्याला म्हणालो, तिला सांग, माझा राग नाही. तो म्हणाला, सांगून झालं. तिला वाटतं, मी तिची समजूत काढतोय. मग तो उठला, कारण त्याला जास्त वेळ एका जागी बसवत नाही. जाता जाता म्हणाला की आई असती तर हे एवढं वाढलंच नसतं. ते मला माहीत होतं.

मला दिपमाला जायला नको होती. धंद्यासाठी म्हणून नाही, तो काय, बंद पडला तर पडला. पण त्या घरात माझ्यासारखं माणूस तेवढंच होतं. आम्ही न बोलता दिवसभर शेजारी बसू शकत होतो. उषा गेल्यावर जे लोक भेटायला यायचे ते बोलून बोलून मला थकवायचे. दिपमालामुळे मी कधी थकलो नाही. ती गेली तर मी एकटा पडणार होतो, आणि जाताना आपण गुन्हेगार आहोत असं मनात घेऊन ती जाणार होती.

मी बेबाबाईला गाठलं. उषाच्या खालोखाल आमच्या गल्लीत तिचीच जीभ चालते. तिला मी सगळं सांगितलं. म्हणालो, दिपमालाला एवढंच सांगायचं की माझ्या मनात काही नाही, तिने जे केलं ते मीही केलं असतं. बेबाबाई म्हणाली, "एवढंच ना? करस मी. तुम्ही निवांत बसा, आबा."

दुसऱ्या दिवशी ती आली. दिपमाला मागच्या अंगणात उडदाचे पापड वाळत घालत होती. मी आतल्या खोलीत होतो, मधे एक भिंत. बेबाबाईने आधी उन्हाची गोष्ट काढली, मग पापडांना नाव ठेवलं, मग उषाची आठवण काढून थोडं रडली. आणि मग मोठ्याने म्हणाली, "हे बघ दिपा, बठ्ठं गाव काय बोलस ते सोडी दे. आबांनी तुला माफ केलं. मोठ्या मनाचा माणूस शे तो. आता तूही मनातून काढ."

मी जागच्या जागी बसून राहिलो. माफ केलं, असं मी म्हणालोच नव्हतो. माफी चुकीला असते. उषाने माझं बोलणं दुसऱ्याला सांगताना ते कधी असं बदललं नव्हतं. ती माझ्यापेक्षा चार शब्द जास्त बोलायची, पण मतलब माझाच असायचा. बेबाबाईच्या तोंडून बेबाबाईच बोलली. क्षमा करणं तिला मोठं वाटतं, म्हणून तिने मला क्षमा करायला लावलं. तिचा हेतू वाईट नव्हता.

दिपमाला काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. बेबाबाई आत येऊन सांगून गेली की काम झालं, पोरगी रडली, आता तिचं मन हलकं होईल. त्या दिवसापासून दिपमाला माझ्यासमोर यायची ती आणखी खाली मान घालून. माझं ताट आधी वाढायची, भाजी दोनदा विचारल्यासारखं पुढे करायची. गुन्हेगार माणूस करतं तसं.

अखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. उषाची पहिली घागर म्हणून दिपमाला सणाला थांबली. एरवी लेकी आधीच माहेरी जातात. हितेंद्र दुसऱ्या दिवशी तिला माहेरी न्यायला मुऱ्हाळी म्हणून येणार होता. सणाला यशोदाबाई धुळ्याहून आली. उषाच्या जागी पानावर बसायला सवाष्ण हवी, तर यशोदाबाईच बसावी असं सगळ्यांनी ठरवलं. बहीणच ती, शिवाय चेहराही तसाच. दिपमालाने आमरस केला, पुरणपोळ्या केल्या, पान वाढलं. यशोदाबाई पानावर बसली आणि म्हणाली, हिच्या हातचं मी खाणार नाही.

घरात सगळे उभे होते. स्वप्नील पुढे झाला, त्याच्या तोंडात शब्द आला होता, तो काहीतरी वाईट बोलला असता. मी त्याला हाताने मागे केलं. मला वाटतं, त्या वेळी मी बोलणार होतो. शब्द तयार होते. पण मला एक वाक्य जुळवायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात दिपमाला पुढे आली, तिने ताट उचललं, बेबाबाईसमोर नेऊन ठेवलं आणि हात जोडले. बेबाबाई जेवली. यशोदाबाई रागाने निघून गेली. उषाच्या नावाचं पान बेबाबाईने चाटूनपुसून संपवलं. लोक म्हणाले, सुनेने प्रसंग निभावला. तिने निभावला हे खरं. मी बोलणार होतो, हे कोणाला कळलं नाही.

सकाळी हितेंद्र गाडी घेऊन आला. दिपमालाने घरभर फिरून सगळं झाकून ठेवलं, पिठाचे डबे, पाण्याचा माठ. माझ्या पाया पडायला आली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हितेंद्र बाहेर स्वप्नीलशी गाडीच्या सर्व्हिसिंगचं बोलत होता. खोलीत आम्ही दोघंच होतो. आशीर्वादाला जेवढा वेळ हात ठेवतात त्यापेक्षा जास्त वेळ माझा हात तिथे राहिला. तीही उठली नाही. मग हितेंद्रने हाक मारली.

स्वप्नील पुढच्या महिन्यात गेला. तो आठवड्याला फोन करतो, धंद्याचा फोन आता माझ्याकडेच असतो. तो पाच मिनिटांत सगळं सांगून टाकतो. मध्येच म्हणतो, दिपमाला विचारतेय, जेवण नीट होतं ना? मी म्हणतो, होतं. मागे तिचा आवाज येत नाही, पण ती तिथे उभी असते हे मला कळतं.

पोळा झाल्यावर मी धुळ्याला गेलो. कोणाला सांगून गेलो नाही. बसमध्ये वाक्य पाठ केलं. पारोळ्यापर्यंत ते लांब होतं, धुळे येईपर्यंत मी ते छोटं केलं. देवपुरात त्यांची भाड्याची खोली आहे, हितेंद्रच्या दुकानाच्या वर. स्वप्नील कामावर होता. दिपमालाच्या हाताला हळद लागलेली होती, ती खालून मसाल्याच्या खोलीतून धावत आली. तिने पाणी दिलं, चहा ठेवला. मी खुर्चीवर बसलो आणि ती स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून उभी राहिली.

चहा पिऊन झाला. बशी खाली ठेवली. मी तोंड उघडायच्या आधी ती बोलली. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

"आबा, यंदा शेड उघडणार का?"

"बघू," मी म्हणालो.

"बडगीवर कोण बसेल?"

"बघू."

तिने मान हलवली. कपबशी उचलून मोरीत नेली, आणि परत येऊन तिथेच उभी राहिली. मी कशासाठी आलो आहे हे तिला समजलेलं होतं. ती थांबली होती. मीही वाक्य पुढे सारत होतो, काडी सारतात तसं, थोडं थोडं. खाली मिक्सर चालू होता. मला वाटलं तो बंद झाला की बोलू. तो बंद झाला तेव्हा जिन्यात हितेंद्रची पावलं वाजली. तो आला तो बोलतच आला, आबा तुम्ही कळवलं नाही, कळवलं असतं तर गाडी पाठवली असती, आता जेवूनच जा. जेवताना तो मिरचीच्या भावाबद्दल बोलत होता. संध्याकाळच्या बसने मी परत आलो.

आता थंडी पडू लागली आहे. बामणोदची वांगी बाजारात आली. जुनी गिऱ्हाइकं फोन करून विचारतात, मी त्यांनाही बघू म्हणतो. शेड अजून उघडलेलं नाही. दिपमालाने त्या दिवशी जे केलं ते मीही केलं असतं, हे तिला सांगायचं अजून राहिलं आहे.